कवठगव्हाणच्या बोटीचे बेअरिंग

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना आणि बोटीचे बेअरिंग सुटेना, अशा दुहेरी पेचात प्राध्यापक रविकांत सकाळी साडेसातपासून धरणाच्या काठावर ओल्या धोतराने उभे होते. अमरावतीच्या महाविद्यालयात त्यांनी चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले होते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण काठावर दुसऱ्या कोणाला ते पटण्यासारखे नव्हते, आणि मुंडण केलेल्या डोक्याने तर्क सांगणारा माणूस फारसा भारदस्तही दिसत नाही.

त्यांच्या पत्नीचे, सिंधूताईंचे, माहेर कवठगव्हाण. ते याच पाण्याखाली होते. व्यापक लोकहितासाठी बुडवले होते, असे कागदोपत्री नमूद आहे. शासनाला विनोदबुद्धी नसते हा गैरसमज आहे: गाव बुडवल्यावर पंचवीस वर्षांनी त्याच गावकऱ्यांच्या मच्छीमार संस्थेला पर्यटनविकासासाठी एक इंजिनाची बोट देण्यात आली, म्हणजे आपापली घरे कुठे होती ते त्यांना गादीवर बसून पाहता यावे. दोन वर्षांपूर्वी त्या बोटीचे बेअरिंग जाम झाले. तेव्हापासून तीन कार्यालयांत पत्रव्यवहार चालू होता, आणि सदर बेअरिंग नेमके कोणत्या खात्याच्या मालकीचे, या मूलगामी प्रश्नापर्यंत तो येऊन ठेपला होता.

बोट आल्यापासून सिंधूताई दर दिवाळीत म्हणत, "एकदा कवठगव्हाणवर जाऊन येऊ ना बोटीतून." रविकांत दर दिवाळीत म्हणत, "पुढच्या वर्षी." त्यांचा अनुमानावरचा ग्रंथ चालू होता. त्याच्या तळटीपा तेवढ्या पूर्ण झाल्या. इस्पितळात मग सिंधूताई एवढेच म्हणाल्या, "निदान अस्थी तरी तिथं सोडा." म्हणून लाल फडक्यात बांधलेले मडके घेऊन ते, मुलगी चारुता आणि गुरुजी इथे आले होते. मडके जांभळीच्या फांदीला टांगले होते. खाली तीन दगडांवर कणकेचा पिंड होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसून सगळे बघत होते.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "सांगा काहीतरी."

"आई, तुझ्या तुळशीला मी पुण्याला नेईन," चारुता म्हणाली. कावळे ढिम्म.

"सिंधूबाई, जवाईबापूंच्या जेवणाची काळजी करू नोको, मी पाहतो," खुशालराव म्हणाले. मच्छीमार संस्थेचे हे अध्यक्ष सिंधूताईंचे गावातले मानलेले भाऊ. कावळ्यांनी तेही मनावर घेतले नाही.

रविकांतांनी बोटीकडे पाहिले. काय राहिले आहे ते त्यांना पक्के माहीत होते, आणि ते पंधरा पावलांवर बोटीच्या पोटात अडकून बसले होते.

"पोरा, किती टाइम?" खुशालरावांनी बोटीकडे ओरडून विचारले. "चौकीदारानं दोन वाजेपर्यंतच परवानगी देल्ली हाय!"

परतवाड्याचा ट्रॅक्टर मेकॅनिक धर्मेंद्र बोटीतून डोके काढून म्हणाला, "काका, इंजिनच्या चाकाच्या मधात बसलं हाय ते. शाफ्टचं टोक टेकते ना, तिथंच. मांगून भोकच नाई, तं मांगून ठोकता येत नाई. अन् समोरून वढून काढाले पुलरचे पाय अंदर जात नाईत."

"मंग समोरूनच ठोक."

"समोरून ठोकलं तं अंदर जाईन! बाहेर काहाले येईन?"

पण ठोकून पाहिले. हातोडीचा दांडा निसटला आणि हातोडी कवठगव्हाणला गेली. मग ते तापवून सैल करायला धर्मेंद्रने गॅसची बत्ती पेटवली.

"अबे, पेट्रोलची टाकी कुठं हाय ते पायलं का?" खुशालराव किंचाळले. "गुरुजी हायेतच म्हणून आमचा बी दहावा आजच उरकतं का?"

बत्ती विझली. धर्मेंद्रने मग ग्रीस आणले. बेअरिंगच्या मधल्या भोकात ग्रीस गच्च भरायचे, त्यात बरोबर बसणारी सळई घालून ठोकायची. ग्रीसला जायला जागा नाही, म्हणून ते मागून दाबते आणि बेअरिंग बाहेर ढकलते. रविकांतांना ही युक्ती निर्दोष वाटली. सगळे वाकून पाहू लागले. धर्मेंद्रने दगडाने घाव घातला. जुन्या बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये फटी होत्या हे अनुमानात धरलेले नव्हते. काळी पिचकारी उडाली आणि तिचा मोठा हिस्सा गुरुजींच्या पांढऱ्या उपरण्याने स्वीकारला.

गुरुजींना अकोल्यात दुपारी आणखी एक विधी होता आणि दुसरे उपरणे नव्हते. त्यांनी झटक्यात दर्भाचा कावळा वळला, तो पिंडाला टेकवला, "तृप्ती झाली," असे जाहीर केले आणि स्कूटरला किक मारली.

रविकांत त्या गवताच्या कावळ्याकडे पाहत राहिले. एका बाईची बारा वर्षांची इच्छा; आणि ती पुरी झाल्याचा दाखला गवताने दिला होता. तीन कार्यालयांतली पत्रेही याहून प्रामाणिक होती. त्यांनी निदान काही पुरे झाल्याचा दावा केला नव्हता.

"ग्रीस पातळ पडते," धर्मेंद्र हात पुसत म्हणाला. "घट्ट काही पाह्यजे. पान्यात वला केलेला ब्रेड असला तं काम होते."

"ब्रेडसाठी परतवाड्याले जा लागन," खुशालराव म्हणाले. "येऊन जाऊन दोन वाजतीन."

धर्मेंद्रची नजर जांभळीखाली गेली, तिथून झटकन परत आली आणि स्वतःच्या चपलांवर थांबली.

"सर, एक सांगू काय? राग येऊ देऊ नका."

"सांगू नकोस," चारुता म्हणाली. तिला कळले होते. "बाबा, तो आईचा पिंड आहे."

"तेच म्हनतो ताई. मी काही बोललोच नाई."

"तुम्ही काही बोलत का नाही, खुशालमामा?"

खुशालरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोरी, कणिक तं कणिक हाय. पण मी कोण सांगनारा?"

रविकांत उठले. पिंड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. "गुरुजींच्या मते त्याचं काम झालं आहे," ते थंडपणे म्हणाले. "आणि तिच्या मते झालेलं नाही. घे."

धर्मेंद्रने चप्पल काढली. बोटीत चप्पल काढून बेअरिंगला कोणी पिंड दिल्याचे ऐकिवात नाही. त्याने कणीक चिमटीचिमटीने भरली, सळई लावली. रविकांतांनी दगड मागून घेतला आणि स्वतः ठोकला. एकदा, दोनदा. सातव्या घावाला आत काहीतरी कुरकुरले. अकराव्याला बेअरिंग खळ्ळकन सळईवर आले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धर्मेंद्र हळूच म्हणाला, "आल्या सिंधूकाकू," आणि लगेच जीभ चावली.

अकोल्याच्या जुन्या शहरातून आणलेले नवे बेअरिंग चटकन बसले. जुने, कणकेने माखलेले, रविकांतांनी तीन दगडांवर नेऊन ठेवले. जागा रिकामी दिसू नये एवढ्यासाठीच.

एक वाजता बोट निघाली. खुशालरावांनी इंजिन एके ठिकाणी बंद केले. खुणेला काही नव्हते; सगळीकडे सारखेच पाणी.

"इथंच कशावरून?" रविकांतांनी विचारले.

"इथं बाईच्या घरासमोरचं कवठाचं झाड होतं. तेच दाखवे मले दरवर्षी."

"दरवर्षी?"

खुशालराव पाण्याकडे पाहत म्हणाले, "आता लपवून काय करू. बोट चालू होती तवर दर दिवाळीच्या मांगून ये बाई. अकोल्याले मावसबहिनीकडं जातो म्हने तुमाले. सरांले सांगू नोको, म्हने, त्याहीचं लिहिनं चालू हाय, उगा मनाले लागन."

रविकांतांना अकोल्याच्या त्या फेऱ्या आठवल्या. घर शांत असे. तळटीपा भराभर होत.

"मग तिची इच्छा पुरी झाली होती," ते कसेबसे म्हणाले.

"अर्धी. तुमी बसले ना, ती जागा रिकामी ठेवे. कोनाले बसू देत नव्हती. पुढच्या वर्षी सर येतीन, म्हने."

चारुताने मडके वडिलांच्या हातात दिले. त्यांना फडक्याची गाठ सुटेना. ती धर्मेंद्रने सोडली.

परत आले तेव्हा दगडांवर एक कावळा होता. बेअरिंग पायाखाली दाबून, मान वाकडी करून तो गोळ्यांमधली कणीक टोचून काढत होता.

"सर! कावया शिवला!" धर्मेंद्र ओरडला.

चौतीस वर्षे अनुमान शिकवलेल्या माणसाने त्यावरून कोणतेही अनुमान काढले नाही. कावळा जाईपर्यंत तो बोटीतच बसून राहिला.

"चाला, जवाईबापू," खुशालराव हात देत म्हणाले. "आता बोट सुरू झाली. पुढच्या वर्षी या."

"उद्या येतो," रविकांत म्हणाले. "दोन जागा ठेवा."