नवव्या फोटोतला पाहुणा

फोटोमास्तरांनी जुना कॅमेरा आणि त्याच्या चारही लेन्स दुकानदाराच्या काउंटरवर मांडल्या. खांद्याला आता ते ओझं पेलत नव्हतं. बदल्यात दुसऱ्या कंपनीचा हलका कॅमेरा घ्यायचा होता. पण त्याला जुनी एकही लेन्स बसत नव्हती, म्हणून सगळा संसारच बदलायला काढला होता.

"नीट तपासून घे," मास्तर म्हणाले.

"तुमचा कॅमेरा काय तपासायचा, मास्तर!"

घरी येऊन नव्या कॅमेऱ्यात रोल भरायला त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. जुन्यातला रोल काढलाच नव्हता! त्यावर बायकोचे नऊ फोटो होते, शेवटचे. छत्तीस पुरे झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही, हा मास्तरांचा जन्माचा नियम. ती गेली. उरलेले सत्तावीस कुणाचे काढायचे ते दोन वर्षं सुचलं नाही. रोज आठवणारा तो रोल नेमका आज, लेन्स पुसण्याच्या नादात, विसरला.

ते धापा टाकत दुकानात पोचले.

"विकला की! मागच्या गल्लीतल्या घड्याळजींनी नेला."

"झाकण उघडलंस का?"

"छे! तुमच्यासारखा माणूस आत रोल ठेवून कॅमेरा देईल का?"

मास्तरांना आपल्या नावलौकिकाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कॅमेऱ्याचं झाकण नखाने उचकटत होते.

"थांबा! उघडू नका!"

"अहो, विकत घेतलाय मी."

"आत माझी बायको आहे!"

घड्याळजींनी कॅमेरा अलगद खाली ठेवला. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"मी एकच फोटो काढला हो. आरशासमोर, गळ्यात कसा दिसतो ते बघायला. त्याआधी खालचं एक बारीक बटन दाबलं. बटन दिसलं की मला राहवत नाही."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. ते बटन दाबलं की खटका ओढूनही फिल्म पुढे सरकत नाही, आधीच्याच फोटोवर दुसरा उमटतो. घड्याळजी थेट नवव्या फोटोत शिरले होते.

तिसऱ्या दिवशी दोघेही लॅबमध्ये उभे होते. आठ फोटो स्वच्छ आले. नवव्यात ती खिडकीपाशी खुर्चीत बसून हसत होती, आणि खुर्चीला खेटून घड्याळजी, गळ्यात कॅमेरा, ताठ उभे.

"लग्नातसुद्धा मी इतका जवळ उभा नव्हतो," मास्तर म्हणाले.

"माफ करा हो."

"चाळीस वर्षं हिचे फोटो काढले. मी कायम कॅमेऱ्यामागे. आमचा दोघांचा असा एकही नाही. आणि तुम्ही आलात ते एकदम शेजारी!"



"प्रती किती काढू?" लॅबवाल्याने विचारलं.

"आठांची एकेक. नववा..." मास्तर थांबले.

घड्याळजी खाकरले. "रागावू नका, पण त्याची एक मला मिळेल? शेजारी कुणी आहे असा माझा एकही फोटो नाही."

मास्तरांनी नवव्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग लॅबवाल्याला म्हणाले, "नवव्याच्या दोन काढ."