चर्चच्या आवारातल्या तीन फुंकरा

वेंडेल प्रूइटला न्यायाधीशांनी गाडी परत दिली, पण ती तीनच ठिकाणी न्यायची: कामावर, डॉक्टरकडे आणि चर्चला. पिऊन झोकांड्या खात शेजाऱ्याच्या टपालपेटीवर गाडी घातल्यापासून तो देखरेखीखाली होता. गाडीत एक यंत्र बसवलं होतं. त्यात फुंकर मारायची. श्वासात दारू सापडली तर गाडी सुरू होत नाही, वर फुंकणाऱ्याचा फोटो निघून थेट कोर्टात जातो. एक फुंकर नापास झाली की परवानगी गेली. तो कामाला होता ते धान्याचं कोठार बावीस मैलांवर, मिसूरीच्या त्या भागात बस औषधालाही नाही, म्हणजे नोकरीही गेलीच.

डॉक्टरची वेंडेलला गरज नव्हती. मग रविवारी गाडीत बसायला मिळावं एवढ्यासाठी, साठीला टेकलेला हा गडी चाळीस वर्षांनी चर्चला जाऊ लागला.

डिसेंबरातल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात जेवण होतं. प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा, आणि कुणाचं भांडं भरलेलं परत गेलं यावर गावात वर्षभर चर्चा चालायची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओपल टिडवेलबाई परात घेऊन दारातच उभ्या होत्या.

"माझे चॉकलेटचे लाडू न खाता निघालास होय रे वेंडेल?"

"पोट भरलंय, मिस ओपल."

"व्हर्नाचे बटाटे दोनदा घेतलेस. बघत होते मी."

वेंडेलने मुकाट्याने चार लाडू खाल्ले. अकरा महिने दारूला न शिवलेल्या माणसाला चव ओळखीची वाटली, पण दारूला पाप मानणाऱ्या बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात तिचं नाव मनात येणार कसं? बाहेर येऊन त्याने यंत्रात फुंकर मारली, तर यंत्र किंचाळलं.

शेजारच्याच गाडीपाशी मार्सी केसलरबाई उभ्या होत्या. वेंडेलवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी त्याच.

"मॅडम, शपथेवर सांगतो, थेंब घेतलेला नाही."

"सगळे हेच सांगतात, वेंडेल."

"यंत्र बिघडलंय हो."

"यंत्रं बिघडत नाहीत, माणसं बिघडतात. सरका जरा." यंत्र शहाणं असल्याचं सिद्ध करायला बाईंनी स्वतः फुंकर मारली. यंत्र पुन्हा किंचाळलं. बाईंनी तीन लाडू खाल्ले होते.

तेवढ्यात पाद्री हॅस्कलबुवा आले. "मी जन्मात ओठाला लावलेली नाही, द्या इकडे," म्हणत त्यांनी छाती भरून फुंकर मारली. त्यांचे सहा झाले होते. तिसरी फुंकर नापास होताच गाडी कुलूपबंद झाली, हॉर्न बोंबलू लागला आणि अख्खं तळघर आवारात गोळा झालं.

ओपलबाई रिकामी परात घेऊन सावकाश आल्या. "व्हिस्की आहे की त्यात. पंधरा दिवस मुरवते. मला साखर वर्ज्य, मी नाही खात."

"मिस ओपल, हे बॅप्टिस्ट चर्च आहे," पाद्रीबुवा क्षीण आवाजात म्हणाले.

"म्हणून तर कुणाला सांगितलं नाही."

गुरुवारी न्यायाधीशांपुढे तीन फोटो होते: वेंडेल, देखरेख अधिकारी आणि पाद्री, तिघेही गाल फुगवलेले. केसलरबाईंनी लाल होत सगळी हकिगत सांगितली, साक्षीला आलेल्या पाद्रीबुवांनी मान डोलावली. न्यायाधीशांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि बराच वेळ रुमाल तोंडाशी धरला.

"कामावर जायची परवानगी कायम," ते म्हणाले. वेंडेलचा जीव भांड्यात पडला. "पण जिथे दारू मिळते तिथे तुम्ही पाऊल टाकायचं नाही, ही अट आहे. तेव्हा चर्च यादीतून काढतोय."

आता रविवारी उशिरापर्यंत लोळता आलं असतं. पण वेंडेल जागचा हलेना. चर्चमध्ये त्याची वाट पाहणारी माणसं होती, आणि ती त्याला आवडू लागली होती.

"साहेब, ते लोक वाईट नाहीत हो," तो म्हणाला. "एकदा चुकले. एक संधी द्या त्यांना."

न्यायाधीशांनी हमीपत्राचा कागद पुढे ओढला. "साठ दिवस चर्च दारूविना कोरडं राहिलं तर बघू. पण त्यांची हमी कोण घेणार?"

पाद्रीबुवांनी खाली मान घालून कागदावर सही केली. त्याखाली, चर्चच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन म्हणून, वेंडेल प्रूइटने सही ठोकली.