सुमेधाताई आणि सर्वांत जुना उजेड

सुमेधाताई जेवायला येणार असल्या की माझी बायको थापा मारत नाही. मागच्या गणपतीत स्लाऊच्या दुकानातले मोदक तिने घरचे म्हणून वाढले. ताईंनी ताट डोळ्यांजवळ नेलं. "सगळ्यांच्या कळ्या इतक्या सारख्या? माणसाच्या हाताला हे जमत नाही. बाद!" आणि चार मोदक खाल्ले.

इथे इंग्लंडात, रीडिंग गावात त्या आमच्या शेजारी राहतात, एकट्याच. कौन्सिलच्या पत्रापासून माझ्या पाठदुखीच्या कारणांपर्यंत सगळं तपासतात आणि बहुतेक सगळं बाद करतात. युनिव्हर्सिटीत नोकरीच ती आहे.

"विश्व जन्मताच, क्षणाच्याही कणभर वेळात अफाट फुगलं असं म्हणतात," त्यांनी एकदा कुंपणावरून समजावलं. "कसं फुगलं, याची ढीगभर मॉडेल्स आहेत. सर्वांत जुना उजेड अजून आकाशभर पसरलाय. त्यातल्या खुणांशी कुठलं मॉडेल जुळतं, ते मी बघते."

"कुठे असतो हा उजेड?"

"तुझ्या त्या कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा पडतोय. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच."

मी हातातला कचरा तसाच धरून उभा राहिलो.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "लीड्सला सोडशील?" त्यांचे पीएचडीचे गाइड, नव्वदीचे आपटे सर, तिथल्या केअर होममध्ये होते. सरांनी ज्या मॉडेलवर उमेदीची वर्षं घालवली, ते ताईंच्याच नव्या पेपरमध्ये चुकीचं ठरलं होतं.

"ईमेल करा ना," मी म्हटलं.

"दुसऱ्याकडून कळायला नको आणि ईमेलवरूनही नको." पुढे वाटभर त्या पेपरमधला आलेख पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

सर खिडकीशी बसले होते. ताई सरळ कार्पेटवर बसल्या आणि आलेख सरांच्या मांडीवर ठेवला. "सर, तुमच्या मॉडेलप्रमाणे गुरुत्वलहरींचा ठसा त्या उजेडात ठळक दिसायला हवा होता. नाही दिसत."

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग हसले. "एवढं मोठं विश्व, सुमेधा. आणि त्याने मला उत्तर दिलं! नाही म्हणालं, पण उत्तर दिलं." भिंग बाजूला ठेवत म्हणाले, "बरं झालं तू आलीस. इथे सगळे माझ्याशी गोडच बोलतात. चूक कुणी दाखवत नाही."

"दोन नवी मॉडेल्स तपासायची आहेत, सर. तुमची मदत लागेल. पुढच्या शनिवारी येऊ?"

सर लगेच पेन शोधू लागले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "खरंच त्यांची मदत लागणार आहे?"

"नाही रे." ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "पण शनिवारी मला तरी दुसरं कोण आहे?"