अध्यक्षांच्या खोलीत अकरा जण

डेल्बर्ट होमानने दार ओढून घट्ट लावलं आणि दाराची पितळी मूठ त्याच्या हातात आली.

माजी राष्ट्राध्यक्ष वेदरबींचं रँचवरचं घर लोकांना दाखवायचं, हे काम त्याने हौसेने पत्करलं होतं आणि आजचा पहिलाच दिवस होता. प्रत्येक खोलीत शिरलं की मागचं दार लावायचं, नाहीतर टेक्सासचं ऊन आत येऊन जुने गालिचे खराब होतात, असं त्याला तीनदा बजावण्यात आलं होतं. त्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं. आता अध्यक्षांच्या झोपायच्या खोलीत नऊ पाहुणे, तो स्वतः आणि त्याचं काम तपासायला मागे उभी असलेली व्यवस्थापिका लॉरेन टेट, असे अकरा जण कोंडले गेले.

डेल्बर्टने कुणाला घाबरवायचं नाही म्हणून हळूच वॉकीटॉकी काढला आणि मदत मागितली. त्याचाच आवाज लॉरेनच्या कमरेवरून ऐकू आला. वॉकीटॉकी दोनच होते आणि दुसरा तिच्याकडे होता. सगळ्यांचे फोन नियमाप्रमाणे तिकीटघरातल्या कपाटात होते. खिडक्या बंदुकीच्या गोळीलाही दाद न देणाऱ्या. पाहुण्यांची पुढची तुकडी यायला पाऊण तास होता.

लॉरेनने त्याला माहिती सांगत राहायला सांगितलं. या खोलीसाठी त्याने चार मिनिटांची माहिती पाठ केली होती. ती त्याने सांगितली. मग तीच पुन्हा, सावकाश सांगितली. दुसऱ्या खेपेला तो हिरव्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, "या खुर्चीत बसून अध्यक्ष रोज सकाळी बायबल वाचत."

"त्या खुर्चीवर ते चिखलाचे बूट ठेवायचे," मागून कुणीतरी म्हणालं.

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या एकुलत्या एका स्टुलावर युफेमिया कांतू बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी. सॅन अँटोनियोहून चर्चमधल्या बायकांबरोबर आल्या होत्या. या घरात त्यांनी सव्वीस वर्षं झाडलोट केली होती, पण आज इतरांसारखं तिकीट काढून आल्या होत्या आणि कुणाला काही बोलल्या नव्हत्या.

लॉरेनचं पेन थांबलं. डेल्बर्टचे कान लाल झाले. तेवढ्यात एका पाहुण्याने त्यालाच विचारलं, तुम्ही कधी अध्यक्षांना पाहिलं होतं का?

पाहिलं होतं. डेल्बर्ट या रस्त्यावर एकतीस वर्षं पोस्टमन होता. पाठ करायच्या कागदात त्याचा उल्लेख नव्हता, म्हणून त्याने आपणहून तो विषय काढला नव्हता. आता मात्र तो सांगत गेला. निवडणूक हरून वेदरबी घरी परतले, तेव्हा सुरुवातीला टपालाची पोती यायची. मग एक जुडगा. दोनेक वर्षांनी विजेचं बिल आणि बियाण्यांची सूचिपत्रं. तरी दहाच्या ठोक्याला अध्यक्ष स्वतः फाटकाशी टपालपेटीजवळ उभे असायचे.

"एक दिवस ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची जाहिरात तेवढी आली होती," डेल्बर्ट म्हणाला. "'एवढंच?' त्यांनी विचारलं. म्हटलं, 'हो साहेब.' त्यांनी ती जाहिरात नीट घडी घालून खिशात ठेवली."

त्या दिवशी घरी जाऊन डेल्बर्टने स्वतःच अध्यक्षांना पत्र लिहिलं. राजकारणाबद्दल लिहिणं शक्य नव्हतं, कारण त्याने मत दुसऱ्यालाच दिलं होतं. म्हणून त्यांच्या पीचच्या झाडांबद्दल लिहिलं. खाली नाव घातलं नाही. तिकीट लावलं, शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दिलं. हे नियमात बसत नव्हतं, असंही त्याने लॉरेनकडे बघत कबूल करून टाकलं.

युफेमिया त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. "पिवळ्या कागदावर?"

"हो."

"पीचचं स्पेलिंग तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणी चुकलेलं."

डेल्बर्टने मान खाली घातली.

"तीन वेगवेगळ्या प्रकारे," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं, की अध्यक्षांनी ते पत्र युफेमियांकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि कित्येक दिवसांनी त्या दुपारी पोटभर जेवले.

डेल्बर्ट रुमालाने ती पितळी मूठ पुसत राहिला.

युफेमिया उठल्या, दारापाशी गेल्या, मुठीच्या जागी राहिलेल्या भोकात दोन बोटं घालून दार किंचित उचललं आणि कमरेने धक्का दिला. दार उघडलं. लॉरेनने विचारलं, हे चाळीस मिनिटांपूर्वी का नाही सांगितलंत?

"सव्वीस वर्षं या खोलीत राबले, बसले आज पहिल्यांदा," युफेमिया म्हणाल्या. "म्हटलं, जरा बसू."

ओसरीवर डेल्बर्टने त्यांना गाठलं. पत्र कुणाचं, हे अध्यक्षांना कधी कळलं का?

"महिनाभर शोधत होते. शेवटी ठरवलं, हे काम पास्टर लिंडिग यांचंच. मग तुमच्या गावातल्या त्यांच्या चर्चवर नवं छप्पर घालून दिलं."

त्या छपराखाली डेल्बर्ट चाळीस वर्षं दर रविवारी बसत होता. "आणि पास्टर काहीच बोलले नाहीत?"

"ते काय बोलणार? त्यांना वाटलं, अध्यक्षांना त्यांचं प्रवचन आवडलं. तेव्हापासून तर ते तासभर बोलायला लागले."

डेल्बर्ट पायरीवर बसला.

"म्हणजे तेही माझ्यामुळेच," तो म्हणाला.