दुपारची औटकी

भुतं नसतात, हे मी आमच्या गावात सिद्ध करून दाखवणार होतो. भर दुपारी, एकट्यानं. शाळा कमिटीचा चेअरमन म्हणून ते मला शोभणारंच होतं.

ही गोष्ट एकतीस सालची. अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, आणि गावात शाळेवरून दोन तट. म्हातारे रावजी मास्तर वारले, त्यांच्या जागी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून दयाराम मास्तर आले. त्यांनी छडी चुलीत घातली. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, बंद केली. दुपारी पोरांना किनाऱ्यावर नेऊन ते शिंपल्यांवर हिशेब शिकवू लागले. मी त्यांच्या बाजूचा. पण डिपुटी साहेबांनी परीक्षा घेतली आणि अर्धी शाळा नापास झाली.

"शिंपलं मोजून पोरं पास व्हतात व्हय?" दुसऱ्या तटाचा पुढारी भागोजी म्हणाला. "मास्तर बदला, न्हायतर आमी पोरं धाडत न्हाय."

त्यातच शाळेतून आवाज येऊ लागले. पोरं किनाऱ्यावर, शाळेला कुलूप, आणि आत कुणीतरी औटकी म्हणतंय. नारळ उतरवणाऱ्या धर्मानं ते ऐकलं आणि तो दिवे लागेपर्यंत माडाला मिठी मारून वरच बसला.

"रावजी मास्तर आलं," भागोजीनं जाहीर केलं. "त्यांची औटकी बंद केली, ते गप बसतील?"

"उद्या मी आत जाऊन येतो," मी छाती काढून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला. एक झावळी हलत नव्हती. माझी सावली पायाखाली अशी गोळा झाली होती, जणू तिलाही पुढे यायचं नव्हतं. दाराशी पोचलो तर आतून खाकरल्याचा आवाज आला. अगदी रावजी मास्तरांसारखा. मग घोगरा स्वर, "म्हणा." आणि दबक्या आवाजात कितीतरी जण म्हणाले, "बे औटे सात."

कुलपात चावी जाईना. शेवटी दोन्ही हातांनी धरून ती आत घातली आणि फिरवली. कसंबसं दार ढकललं. खिडक्या बंद, आत अंधार, आणि भिंतीलगत डोक्यावरून पांढरं पांघरलेल्यांची रांग. सगळी तोंडं एकदम माझ्याकडे वळली. मी किंकाळी मारली.

"अगं बाई, हे कसे आले?" रांगेतून आवाज आला. तो आमच्या कृष्णाबाईचा होता. ती माझी बायको.

ऊन लागू नये म्हणून बायका पंचे पांघरून आल्या होत्या. समोर खुर्चीवर रावजी मास्तरांची विधवा, मनुबाई. ती शाळेच्या मागच्या खोपीतच राहायची आणि मागच्या दारानं सगळ्यांना आत घ्यायची.

"जन्मभर या भिंतीपलीकडं भाकऱ्या थापल्या," ती म्हणाली. "पाढे आपसूक पाठ झाले. त्यांचं खाकरणंसुद्धा. पोरं बाहेर असतात तेवढ्यात यांना शिकवते."

रांगेत भागोजीची आवडाबाईही होती. ती डोळे पुसत म्हणाली, "भावोजी, घरी कळलं तर मला उंबरा वलांडू द्यायचं न्हाय."

स्त्रीशिक्षणावर मी अलिबागेत व्याख्यान दिलं होतं. घरी मात्र तो विषय कधी काढला नव्हता. मी गुपचूप दार ओढून घेतलं.

संध्याकाळी सगळा गाव चावडीवर जमला. "हाय का काय आत?" भागोजीनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "रावजी मास्तरच आहेत."

दयाराम मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी खाली बघितलं.

"काय म्हनत व्हतं?" भागोजीचा आवाज बारीक झाला.

"दुपारी मला शाळा मोकळी पाहिजे, म्हणाले. कुणी आसपास फिरकायचं नाही. पोरं किनाऱ्यावरच बरी आहेत."

महिनोन् महिने वाद घालून जे पटलं नव्हतं, ते भागोजीला तिथल्या तिथे पटलं. पोरांना रोज दुपारी न चुकता किनाऱ्यावर न्यावं आणि त्यासाठी दयाराम मास्तरांनाच ठेवावं, असा ठराव त्यानंच मांडला. दयाराम मास्तर तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. शिकलेला माणूस असा निघावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

रात्री पान वाढताना कृष्णाबाई म्हणाली, "चावडीवर चांगली थाप मारलीत हो. कुणाला संशय आला नाही."

मी जरा फुशारलो.

"किंकाळी मात्र," भात वाढत ती म्हणाली, "खरी होती."