अंबादासकाकांचं सरकार

अंबादासकाका पायी चालताना वळणावर भोंगा वाजवीत.

रबरी फुग्याचा, पितळी तोंडाचा, मोटारीला असतो तसा भोंगा. तो उजव्या हातात, डाव्या हातात औषधांची पेटी, आणि अधू पायामुळे चाल किंचित तिरकी. गल्लीचं वळण आलं की काका थांबत, फुगा दोनदा दाबत आणि कान देऊन क्षणभर उभे राहत. मगच वळत. वळून झालं की पुन्हा चारचौघांसारखा माणूस. पुढचं वळण मारुतीच्या देवळापाशी. तिथं पुन्हा पों पों. देवळातले गुरव गाभाऱ्यातूनच म्हणत, "आली बरं का गाडी."

गाडी नव्हती. गाडी चार वर्षांपूर्वीच बाभळीवर आदळून संपली होती. राहिला होता तो भोंगा.

परभणीत नवा आलेला माणूस हे पाहून हसे. आम्ही गल्लीतले लोक हसायचं विसरलो होतो. काका जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत सामाईक. मी सरकारी शाळेत मास्तर होतो, मोठ्यानं बोलणं मला जमत नसे आणि हातात सदा पुस्तक असे, म्हणून काका मला 'किताबी' म्हणत. "काय किताबी, आज काय वाचायलात?" मी पुस्तकाचं नाव सांगायचो. ते मान हलवून म्हणायचे, "त्यात बैलाचं काही हाय का? न्हाई? मग ऱ्हाऊ द्या."

जेव्हा गाडी होती, तेव्हा सारं गाव तिला फटफटी म्हणे. काका तिला 'सरकार' म्हणत. हे नाव त्यांनी ठेवलेलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनी चुकून ठेवलं होतं. काकांनी ती पहिल्यांदा दारात आणली तेव्हा म्हातारे बाजेवर पडले होते. नजर अधू. एवढा आवाज, एवढी धूळ, म्हणजे कुणी मोठा अंमलदारच आला असं समजून ते धडपडत उठले, पागोटं सावरलं आणि हात जोडून म्हणाले, "या सरकार, बसा सरकार." धुळीतून स्वतःचाच मुलगा बाहेर आला. म्हातारे आठ दिवस मुलाशी बोलले नाहीत. नाव मात्र चिकटलं.

मग काकांची भाषाच तशी झाली. निघताना टोपी काढून विचारायचे, "सरकार, चलायचं?" गाडी सुरू झाली नाही तर, "आज सरकारची मर्जी न्हाई." इंजिन गरम झालं की, "सरकार तापलंय, जरा सावलीला घ्या." मागं बसणाऱ्याला नियम होते. सरकारवर बसून शिंकायचं नाही, उतरा म्हणायचं नाही, आणि गावाचं नाव घेऊन 'अजून किती लांब' असं विचारायचं नाही. मी एकदाच बसलो. गंगाखेडपर्यंत डोळे मिटून होतो. उतरलो तेव्हा काखेतलं पुस्तक नव्हतं. काका म्हणाले, "सरकारनं वाचायला ठेवून घेतलं आसंल."

त्या दिवसांत 'सरकार' हा शब्द लोक आजूबाजूला बघून उच्चारत. काका तो भर बाजारात ओरडून उच्चारत, आणि कुणाला काही वाटत नसे, कारण सारं परभणी त्यांना ओळखत होतं.

अपघातात काकांचा पाय मोडला होता. भेटायला येणाऱ्यांना ते आधी गोठ्यात पाठवत. तिथं घोंगडीखाली गाडीचा सांगाडा ठेवलेला. पुढचं चाक दुमडलेलं, इंजिनाला तडा. लढाई चालू होती, विलायतेहून सुटे भाग येणं बंद होतं. पाहुणा गोठ्यातून परत आला की काका विचारत, "बघितलं?" पाहुणा म्हणे, "बघितलं. पण तुमचा पाय...?" "पायाचं काय, पाय जुळतो."

दहा दिवस त्यांनी दाढी केली नाही, गोड खाल्लं नाही. अकराव्या दिवशी काकू ताटात शिरा घेऊन उभ्या राहिल्या. "खायचाय तर खा. म्या घरात जिती असताना फटफटीचं सुतक धरायचं न्हाई, सांगून ठेवते." काकांनी शिरा खाल्ला. पण उठून चालायला लागले ते भोंगा हातात घेऊनच.

मग त्या राजवटीच्या शेवटच्या वर्षाचा उन्हाळा आला. गावाची तऱ्हा बदलली. ओळखीची माणसं ओळख दाखवीनाशी झाली. काही घरांना कुलपं लागली, माणसं नातेवाइकांकडे सरहद्दीपलीकडे गेली. गंगाखेडच्या रस्त्यावर, गाव संपतं तिथं, नवा नाका बसला. नाक्यावर नवे जमादार आले, परमुलखातले. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या उघडून बघत. रस्त्यावर कुठलीही खूण करायची नाही, शिट्टी नाही, हाळी नाही, असा हुकूम निघाला. आणि काकांना रोज त्याच नाक्यावरून खेड्यांत जायचं होतं, आणि नाक्याच्या अलीकडेच एक वळण होतं.

काकू दुपारी भिंतीपलीकडून हाक मारून माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. "मास्तर, त्याह्यला सांगा. माझं ऐकंनात. कुणाला तरी इशारा द्यायलेत म्हणून धरून नेतील. तुमी शिकलेली माणसं, तुमचं ऐकतील."

मी काकांना सांगितलं. ते पेटीतल्या सुया पुसत होते. म्हणाले, "भोंगा न्हाई वाजवला तर वळायचं कसं?" मी म्हणालो, "पायी माणूस तसाच वळतो, काका." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी काही अडाणीपणाचं बोललो.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी त्यांच्याबरोबर निघालो. हातात पुस्तक नेलं नाही. नाका दिसायच्या आधी मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तो अलगद बाजूला केला आणि फुगा दोनदा दाबला.

दोन शिपाई पळत आले. मागून जमादार, सावकाश, काखेत छडी.

"ये क्या है जी?"

काका सरळपणे म्हणाले, "सरकारचा आवाज हाय."

"क्या बोले?"

"सरकार तर गेलं. आवाज तेवढा ऱ्हायला."

शिपाई एकमेकांकडे बघायला लागले. जमादारांना मराठी थोडं कळत होतं, आणि जेवढं कळत होतं तेवढं पुरेसं होतं.

"कौनसी सरकार गई?"

"आमची. चार वर्सं झाली. मोडून पडलं सरकार. आता काही उठत न्हाई."

छडी काखेतून हातात आली. एका शिपायानं काकांचा दंड धरला, औषधांची पेटी खाली पडली, बाटल्या खळखळल्या. काका पेटीकडे बघत म्हणाले, "हळू, फऱ्याची लस हाय त्यात, बैलं मरतील." त्यांना अजून कळलंच नव्हतं काय झालं ते.

मी आयुष्यात प्रथमच अनोळखी अंमलदारासमोर तोंड उघडलं. शाळेत शिकलेली उर्दू, पुस्तकातली, अदबीची. मी सांगितलं की हुजूर, सरकार हे एका फटफटीचं नाव आहे. माझा आवाज इतका बारीक निघाला की जमादारांना दोनदा विचारावं लागलं. फटफटीचं नाव सरकार? ते हसले नाहीत. म्हणाले, "दिखाओ."

आम्ही परत फिरलो. पुढं काका, दोन्ही बाजूंना शिपाई, मागं मी आणि जमादार. गल्लीतली दारं एकेक करून लागत गेली. गल्लीच्या वळणावर काका थांबले. शिपायानं ढकललं. काका जागचे हलेनात. त्यांनी भोंगा वर केला, दोनदा दाबला, कान दिला, आणि मग वळले. त्या दोन क्षणांत जमादारांची छडी कुठं पडते इकडेच माझं लक्ष होतं. ती पडली नाही.

काकू दारात उभ्या होत्या. बाजूला झाल्या.

गोठ्यात काकांनी घोंगडी काढली. सांगाडा तेल लावून पुसलेला होता. गंज कुठंही नाही. जमादार बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांनी दुमडलेल्या चाकावर हात फिरवला. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "कैसे हुआ?"

हे काकांना गावात कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. बाभळीवर आदळली, एवढं सर्वांना पुरलं होतं.

काका घोंगडीची घडी घालत बोलू लागले. "पोखर्णीच्या अलीकडं ओढ्याचा उतार हाय. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायचं. म्हणून उतार आला की म्या इंजिन बंद करायचा. सरकार आपसूक घरंगळायचं. भोंगा म्या कधी वाजवलाच न्हाई बगा. इंजिनाचा आवाजच येवढा, दोन कोसावर मेंढरं रस्ता सोडायची. त्या दिवशीबी तसाच निघालो, उताराला. इंजिन बंद केलेलं ध्यानातच न्हाई. वाटलं, ऐकू जायलंय सगळ्यांस्नी. वळलो तर म्होरं मेंढरं. मधी धनगराची बाई, पाठीला लेकरू. माझ्याकडं पाठ."

ते घडी मोडून पुन्हा घालू लागले.

"घातलं बाभळीवर. सरकार गेलं, एक मेंढरू गेलं. बाई न् लेकरू ऱ्हायले. बाई माझ्या उशाला बसली, तोंडावर पाणी मारायली. म्हणली, दादा, आवाज का न्हाई केलात? आमी हटलो असतो." काकांनी घडी सांगाड्यावर ठेवली. "लय साधं विचारलं तिनं. म्याच तोंड बंद केलं सरकारचं, आन् म्याच त्याच्या आवाजावर भरवसा ठेवला. तवापासून गप वळवत न्हाई."

काकू उंबऱ्यात बसून होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. चार वर्षं ज्याची त्या थट्टा करत होत्या, ते त्यांनीही आजच ऐकलं.

जमादारांना सगळी मराठी कळली की नाही, मला माहीत नाही. मी भाषांतर करायला पुढं झालो तर त्यांनी हातानं थांबवलं. "हौ, समझा." मग काकांपुढं तळहात धरला. "भोंगा इधर देव. हुकूम है. और डॉक्टरसाब, सरकार नक्को बोलो. कुछ भी बोलो, ये नक्को."

काकांनी भोंगा दिला. शिपाई गेले. काकूंनी गूळपाणी केलं. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. काका पेटी घेऊन निघाले, गल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि थांबले. उजवा हात रिकामा. तो थोडा वर झाला, खाली आला. वळणापलीकडे हौद आहे, बायका पाणी भरत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. काका पुढं पाऊल टाकत आणि मागं घेत. साठ खेडी पायाखाली घातलेला माणूस स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडू शकत नव्हता.

मी चपला घातल्या. त्यांच्या शेजारून पुढं गेलो, वळलो, हौदापाशी उभा राहिलो आणि ओरडलो, "या काका, रस्ता मोकळा आहे!"

बायका पाणी भरायच्या थांबल्या. मास्तरांना एवढा आवाज आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. काका वळून आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लय बारीक आवाज हाय, किताबी. रोज थोडा वाढवा."

मी रोज वाढवत गेलो. शाळेच्या आधी नाक्यापर्यंत, पाच वळणं. हाळीलाही बंदी होती, पण नाक्याजवळ मी हाक दिली की जमादार दुसरीकडे बघत. पोळ्याच्या आधी आठ दिवस काकांना ताप भरला आणि तीन दिवसांत ते गेले.

पोळा झाला, आणि पंधरवड्याच्या आतच ती बातमी आली. गल्लीतून माणसं ओरडत धावत होती, "सरकार गेलं! सरकार गेलं!" मी दारात उभा होतो. सारं गाव आनंदात असताना मला रडू आलं, आणि ते कशासाठी, हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मी नाक्यावर गेलो. चौकी रिकामी, दार सताड उघडं. आत खिळ्याला भोंगा लटकत होता. त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. उर्दूत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "माल-ए-सरकार." म्हणजे सरकारची वस्तू. जमादारांच्या मनात कोणतं सरकार होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण पितळ पुसून लख्ख केलेलं होतं.

भोंगा घेऊन मी परत आलो. गल्लीच्या वळणावर पाय आपोआप थांबले. मी फुगा दोनदा दाबला आणि कान दिला.

वळणापलीकडे काकूंच्या दाराची कडी वाजली. दार घाईनं उघडलं.

मग मला वळवेना.