एका दुधीची एकच नूडल

धान्याशिवाय थाई नूडल्स घरी करायच्या, हे मी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. (माझे सगळे निर्णय चहा पितानाच होतात. निस्तरायची वेळ येते तेव्हा मात्र चहा मिळत नाही.)

झालं होतं असं, की डॉक्टरांनी बायकोला नव्वद दिवस धान्य बंद सांगितलं होतं. गहू नाही, तांदूळ नाही, मका नाही. एका घासापुरता जरी नियम मोडला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. एकसष्ट दिवस बिचारीनं हूं की चूं केलं नाही. परवा मात्र ती तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेत उभी दिसली. मला पाहून म्हणाली, "किडे झालेत का बघत होते." मला फार वाईट वाटलं.

बासष्टाव्या दिवशी तिनं पर्स खांद्याला लावली आणि शांतपणे जाहीर केलं, "आज येताना मी पाव आणणार. अख्खा. आणि एकटी खाणार. कुणी अवाक्षर काढायचं नाही."

"अगं, एकोणतीसच दिवस राहिलेत!"

"मग तुम्ही खा एकोणतीस दिवस उकडलेल्या भाज्या."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "संध्याकाळी मी थाई नूडल्स करतो. धान्याशिवाय." त्या नूडल्स तिनं एकदाच, मैत्रिणीच्या पार्टीत खाल्ल्या होत्या आणि पुढे वर्षभर त्यांच्याबद्दल बोलत होती.

तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही?"

"मी."

"सातला येते," ती म्हणाली. "पाव घेऊनच येते."

मी अर्धी रजा टाकली. मोबाइलवर कृती सापडली: नूडल्सऐवजी दुधीच्या लांब, पातळ पट्ट्या. काय कठीण आहे त्यात? दोन दुधी आणले, एक किसणीवर घासला. पाच मिनिटांत समोर हिरवट लगदा. तो पिळला, तर पेलाभर पाणी आणि मूठभर चोथा राहिला. सुरीनं पट्ट्या काढायला गेलो, तर पहिली पट्टी अंगठ्याची निघाली. आता उरला एक दुधी आणि घड्याळात वाजले होते सव्वापाच.

इतका वेळ सासरे दारात उभे होते. महिनाभर आमच्याकडे राहायला आले होते, आणि त्या महिन्यात माझ्याशी एकूण चार शब्द बोलले असतील. (त्यांतले दोन "हं" होते.) अडतीस वर्षं कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड फिरवून तासायचं यंत्र, चालवलेला माणूस. मला त्यांची आधीच भीती वाटायची.

"किती जाडीची पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"अं? तीन मिलिमीटर असेल, बाबा."

"असेल की आहे?"

"आहे, आहे!"

ते आत गेले आणि आपलं ड्रिल मशीन घेऊन आले. धुतलेला लांब स्क्रू दुधीच्या देठाकडून आत घातला, दुसरं टोक फळीवरच्या खिळ्यावर टेकवलं, साल काढून टाकली. मग पीलर उचलला, पात्याची धार नखावर पाहिली आणि म्हणाले, "परात धरा. हलू नका."

मी श्वाससुद्धा घेईना.

दुधी सावकाश फिरू लागला. बाबांचा हात नुसता टेकलेला, पण केसाइतका केसाइतका पुढे सरकत होता. आणि पात्याखालून नूडल निघाली! पांढरीशुभ्र, सारख्या जाडीची. निघाली ती निघतच राहिली. अहो, तुटेचना! परातीत वेटोळ्यांवर वेटोळी पडायला लागली. ज्या हातांत चहाचा कप थरथरतो, ते हात या क्षणी दगडासारखे स्थिर होते. माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं हा माणूस कारखान्यात रोज हे करत होता, आणि मी त्यांना फक्त "पाणी देऊ का?" एवढंच विचारत आलो होतो.

"बाबा, कापू का आता? लांब होतेय—"

"खबरदार!"

परात भरली. मी उरलेली नूडल खुर्चीच्या पाठीवर घेतली, तिथून टेबलावर, तिथून दाराच्या कडीपर्यंत. शेवटी गाभा उरला, मशीन थांबलं. बाबांनी खिशातून टेप काढली आणि वेटोळ्यांसकट सगळी नूडल मोजली. "साडेअठरा मीटर," ते म्हणाले, आणि चक्क हसले.

तेवढ्यात दार उघडलं. बायको. हातात पाव. कडीवरची नूडल तिच्या मनगटावर आली.

"हे काय आहे?"

"दुधी," मी म्हणालो.

ती त्या नूडलच्या मागे मागे चालत टेबल, खुर्ची, परात करत वडिलांपाशी पोचली. "बाबा, तुम्ही?" बाबांनी फक्त मान हलवली. तिचे डोळे भरून आले.

मी पुढची सूत्रं हातात घेतली. म्हटलं, आता सॉस! बाटली मी स्वतः तपासून आणली होती. तपासणी हाच माझा धंदा. बाटल्यांच्या कारखान्यात लेबलं पास करतो मी: तारीख, बॅच नंबर, अक्षरांची उंची, चिकटवलंय सरळ की तिरपं. "लेबल एक नंबर आहे बघ!"

तिनं बाटली घेतली आणि लेबल वाचलं. (ही गोष्ट बारा वर्षांच्या नोकरीत मला कधी सुचली नव्हती.)

"घटक," ती म्हणाली. "पाणी, सोयाबीन, गहू, मीठ."

टेबलावरचा पाव माझ्याकडे बघत होता. एक चमचा पडला असता तर एकसष्ट दिवस पाण्यात गेले असते, आणि तेही माझ्या हातून.

"सरका," बायको म्हणाली. चिंच भिजवली, गूळ, मिरची, मीठ, लिंबू. दाणे कुटले, दोन अंडी फोडली, साडेअठरा मीटर अखंड कढईत उतरवले. वास सुटला आणि मला वाटलं, एवढ्या गोष्टी तर घरातच होत्या!

ती पहिला घास घेऊन डोळे मिटून बसली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "उद्या पुन्हा कराल?"

"दुधी आण," बाबा म्हणाले.

तिनं पाव उचलला आणि शेजारच्या आजींना देऊन आली. "एकोणतीस दिवस ना? जातील की." मला एवढा आनंद झाला की मी कढईसुद्धा चाटली.

जेवण झाल्यावर तिनं बहिणीला फोन लावला. सगळं रंगवून रंगवून सांगितलं: मशीन, साडेअठरा मीटर, बाबांचा हात. मी सोफ्यावर ताठ बसून माझ्या नावाची वाट बघत होतो. पलीकडून एकदाची विचारणा झालीच असावी.

"हे ना?" बायको थांबली. माझ्याकडे बघून तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "हे... एका बाजूला उभे होते गं. अजिबात लुडबूड केली नाही हो त्यांनी आज!"

आणि खरं सांगू? मला भरून आलं. बारा वर्षांच्या संसारात एवढं मोठं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं.